घरी गॅस भरल्यापासून एसी हायवेवर थंड, सिग्नलला गरम

वर्धेकरीण

नमस्कार. गाडीच्या एसीबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाला खोदून खोदून विचारावं लागणार नाही.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. आम्ही वर्ध्याला राहतो आणि सासऱ्यांचे उपचार नागपूरला चालू आहेत, त्यामुळे ऐन मे महिन्यातही जाणं-येणं टळत नाही. एप्रिलपासून गारवा कमी वाटायला लागला. माझ्या धाकट्या दिराने ४५० ग्रामचा आर-१३४ए चा कॅन, नळी आणि त्यावरचं छोटं गेज ऑनलाइन मागवलं आणि लो प्रेशरच्या पोर्टमधून घरीच गॅस भरला. त्या रात्री गाडी इतकी गार झाली की सासऱ्यांनी शाल मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला निघालो. बुटीबोरीपर्यंत झकास. खापरीच्या पुढे सिग्नल लागायला लागले, की उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत कोमट हवा, मग सरळ गरम. बॉनेटखालून 'टक्' आवाज येतो, इंजिन हलकं झाल्यासारखं वाटतं, थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. गाडी पळायला लागली की परत गार. इंजिनचा टेंपरेचरचा काटा मध्यावरच असतो. पंखा फिरताना दिसतो. दुपारी गाडी उभी ठेवून बघितलं तर कॅनच्या गेजचा काटा लाल पट्ट्यात जातो.

आता प्रत्येकाचं मत वेगळं. दीर म्हणतो गॅस अजून कमीच आहे, त्याने दुसरा कॅन आणूनही ठेवलाय. चौकातले गॅरेजवाले म्हणतात कॉम्प्रेसर बसला, बदलून टाका, चौदा हजार होतील. ह्यांचं म्हणणं, पावसाळा येतोच आहे, तोवर काचा उघड्या ठेवू. सासऱ्यांना ४५ अंशात उघड्या काचांनी नेणं मला पटत नाही.

एक जुनी गोष्टही सांगून ठेवते. मागच्या उन्हाळ्यात एसीचा एक पाईप घासून फुटला होता. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये तो बदलून घेतला, गॅसही तिथेच भरला. तेव्हापासूनच सिग्नलला गारवा जरा मंदावायचा, पण गरम हवा कधी आली नव्हती.

दुसरा कॅन भरावा की नाही, एवढं तरी कुणी खात्रीने सांगा.

मायलेज_किंग

गॅस जास्त झालाय ताई. सोपं आहे. लो साइडच्या पोर्टमधली पिन स्क्रूड्रायव्हरने दाबा, दोन-तीनदा फुस्स करून थोडा गॅस सोडा, काटा हिरव्यात आला की झालं. मी माझ्या गाडीला असंच करतो. पैसेही लागत नाहीत.

अकोल्याचा_एसीवाला

ताई, दुसरा कॅन भरू नका. आणि पिन दाबून गॅस सोडूही नका.

मायलेजभाऊ, गॅस जास्त झाल्याचा तुमचा अंदाज बहुतेक बरोबर निघेल, पण हा उपाय मी कुणालाच करू देणार नाही. १३४ए बाहेरच्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. पिन दाबल्यावर त्याचा फवारा बोटावर किंवा डोळ्यात गेला तर कातडी जागच्या जागी गोठते. शिवाय गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल उडून जातं. आख्ख्या सिस्टिममध्ये तेल असतं शंभर-सव्वाशे मिली, त्यातलं वीस-तीस मिली फवाऱ्यात गेलं की पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर ओरडायला लागतो. हवेचंही बघा. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच आर-१२ हा जुना गॅस जाऊन हा आला. पण उष्णता धरून ठेवण्यात हा कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट आहे. दोनशे ग्राम सोडला तर २८६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. विदर्भातल्या माणसाने तरी हे करू नये.

आणि एवढं करूनही आत किती उरला ते कळत नाही ते नाहीच. मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून ती नीट सांगतो.

बंद गाडीत गेज लावलं तर ते गॅसचं प्रमाण सांगत नाही, फक्त तापमान सांगतं. आत थोडासा जरी द्रव गॅस असला तरी दाब त्या तापमानाला जेवढा असायचा तेवढाच राहतो. घरचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, शेगडीची ज्योत तशीच लागते, म्हणून आपण सिलिंडर हलवून नाहीतर तोलून बघतो. इथेही तसंच. गॅस तोलूनच भरायचा असतो. इंजिन चालू असताना लो साइडचा दाब बाहेरच्या उन्हाप्रमाणे, इंजिनच्या आरपीएमप्रमाणे, पंख्याप्रमाणे हलत राहतो. कॅनवरचं गेज फक्त ही एकच बाजू दाखवतं. त्यावर हिरवा पट्टा रंगवणाऱ्याने वर्ध्याचा मे महिना डोळ्यासमोर ठेवलेला नाही. ४३ अंशात सिग्नलला उभ्या असलेल्या ठणठणीत गाडीतही लो साइड ४५-५० पीएसआय दाखवू शकते. आणि खरं दुखणं असतं हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, ती तर कॅनच्या गेजला दिसतच नाही.

आता तुमच्या लक्षणांकडे येतो. पळताना गार आणि उभं राहिल्यावर गरम, म्हणजे पुढच्या कंडेन्सरमधून, रेडिएटरसमोरच्या जाळीतून, उष्णता बाहेर पडत नाहीये. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा काम भागवतो. उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. मग हाय साइडचा दाब चढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच तोडतो, म्हणजे कॉम्प्रेसर थांबवतो, तोच तुमचा 'टक्'. बऱ्याच गाड्यांत हा स्विच दर चौरस सेंटीमीटरला ३२ किलोच्या आसपास तोडतो, म्हणजे साधारण साडेचारशे पीएसआय. दाब उतरला की पुन्हा 'टक्', कॉम्प्रेसर चालू. स्विच आपलं काम चोख करतोय, त्याला कुणी हात लावू देऊ नका. काही जण तार जोडून तो बायपास करतात. तसं केलं तर पाईप नाहीतर कॉम्प्रेसर फुटेपर्यंत दाब चढेल.

याची कारणं साधारण चार. गॅस जास्त, आत हवा, पंखा कमजोर, किंवा कंडेन्सरची जाळी चोंदलेली. गॅस जास्त झाला की तो द्रवरूपात कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साठतो. तेवढ्या नळ्या अडल्या की वाफेचा द्रव व्हायला जागाच कमी उरते. आत हवा असेल तर तीही तिथेच अडकते, कारण हवेचा द्रव होत नाही.

कॉम्प्रेसर बसला असता तर हाय साइडचा दाब स्विच तोडण्याइतका चढलाच नसता. चौदा हजार खिशातच ठेवा.

मला एवढं बघून सांगा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असेल, त्यावर गॅस किती ग्राम ते लिहिलेलं असतं. दुसरा कॅन सीलबंद असेल तर तो आणि वापरलेला, दोन्ही किचनच्या वजनकाट्यावर तोला. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीला पहाटे, इंजिन चालू न करता, गेज लावून दाब बघा आणि तिथलंच तापमान नोंदवा. गेज लावताना कॅनचा व्हॉल्व्ह घट्ट बंद असू द्या, नाहीतर आणखी गॅस आत जाईल. ग्रिलमधून टॉर्च मारून कंडेन्सरची जाळी बघा. कापसाच्या जिनिंगच्या आसपास राहत असाल तर जास्तच निरखून बघा. आणि दुपारी एसी लावून गाडी उभी ठेवा, गरम हवा यायला लागली की समोरून ग्रिलमधून कंडेन्सरवर बागेच्या पाईपने हलकं पाणी सोडा. हवा लगेच गार होते का, तेवढंच बघायचं.

दुसरा कॅन गाडीत ठेवलेला असेल तर आत्ता बाहेर काढा. उन्हात बंद गाडी ७० अंशापर्यंत तापते. तेव्हा कॅनमध्ये २९० पीएसआयचा दाब असतो आणि पत्रा तर बोटाने दबतो असा. घरात गार, कोरड्या जागी ठेवा.

ह्युस्टनचा_सोलापूरकर

एसीवाले दादांनी सगळं नीट सांगितलंय, मी थोडीच भर घालतो. इकडे टेक्सासमध्ये घरी गॅस भरणं अगदी सर्रास चालतं. १२ औंसाचे, म्हणजे ३४० ग्रामचे कॅन पार्ट्सच्या दुकानात शेल्फवर मिळतात. २०१८ पासून या छोट्या कॅनना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे, उरलेला गॅस हवेत जाऊ नये म्हणून. पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी दुरुस्त करायची असेल तर मात्र इथे गाड्यांच्या एसीच्या कामाचं, सेक्शन ६०९ चं सर्टिफिकेट लागतं.

माझा अनुभव असा की कॅन वाईट नाही, पण कॅन हे शेवटचं काम आहे. आधी लीक शोधायचा, मग व्हॅक्यूम करायचं, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची, मग तोलून भरायचं. अनेक दुकानं अनामत रक्कम घेऊन व्हॅक्यूम पंप आणि दोन बाजूंचं गेज वापरायला देतात. ते आणलं की कळतं, एकट्या लो साइडवरून आपण किती अंधारात असतो.

ताई, दोन प्रश्न. कॅनवर कुठे 'स्टॉप लीक' किंवा सीलंट असं लिहिलंय का? ते असेल तर गॅस काढणाऱ्या दुकानदाराला आधी सांगा. ते द्रव्य हवा आणि ओल लागली की घट्ट होतं, त्याचं रिकव्हरी मशीन निकामी होऊ शकतं. अशी गाडी घ्यायला बरेच जण नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. दुसरं, कॅनवर बनवणाऱ्याचं नाव आहे का? बनावट गॅस हा जगभरचा प्रश्न आहे. २०११ मध्ये जहाजावरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली होती. त्यांच्यातल्या १३४ए मध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती, ते ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करतं. गाडीचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच.

आणि एक, कॅन कधीही हाय साइडला लावायचा नाही. दोन्ही पोर्ट वेगवेगळ्या मापाचे केलेत ते यासाठीच, लो १३ मिलिमीटर आणि हाय १६. पण जुगाड करून जोडणारे आहेत. इंजिन चालू असेल तर हाय साइडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो.

वर्धेकरीण

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला होता.

स्टिकर सापडला. 'एचएफसी-१३४ए, ०.३८ किलो' असं आहे.

सीलबंद कॅन ५७० ग्राम भरला, वापरलेला १५०. म्हणजे ४२० ग्राम बाहेर पडलाय. जोडताना थोडा फुस्स झाला असं दीर म्हणतो, पण बाकी सगळा गाडीतच गेला.

पहाटे साडेपाचला, गाडी रात्रभर पोर्चमध्ये होती. तापमापक बॉनेटखाली कंडेन्सरपाशी ठेवला होता, २९ अंश. गेज १०७ पीएसआय. दोनदा काढून पुन्हा लावलं, तेवढंच.

कंडेन्सर बघून मात्र वाईट वाटलं. आमच्या घरामागे जिनिंग आहे, हे तुम्ही कसं ओळखलंत माहीत नाही. जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर रुईचा थर बसलाय, त्यावर धूळ बसून तो नमद्यासारखा झालाय. वरून टॉर्च मारला तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतही तेच.

दुपारी पाण्याचा प्रयोग केला. बाहेर ४३. तापमापक मधल्या व्हेंटमध्ये खोचला होता. गरम व्हायला लागला तेव्हा २६ दाखवत होता. दिराने समोरून पाणी सोडलं आणि पारा डोळ्यासमोर उतरायला लागला, १४ पर्यंत आला. पाणी बंद केल्यावर पुन्हा चढला. दीर आता दुसऱ्या कॅनचं नाव काढत नाही.

सीलंट असं कॅनवर कुठे लिहिलेलं नाही. बनवणाऱ्याचं नावही नाही, नुसतं 'आर-१३४ए' आणि वजन.

अकोल्याचा_एसीवाला

ताई, शाबास. गॅरेजला येणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण एवढं नीट बघून येत नाहीत. आता चित्र स्पष्ट आहे.

पहिलं वजन. जागा ३८० ची, तुमच्या दिराने जवळपास ४२० दिला, आणि आधीचा आत होताच, कारण एसी थोडाफार गार करत होता. गॅस जास्त आहे, यात आता शंका नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे पहाटेचा दाब. शुद्ध १३४ए चे आकडे असे: २५ अंशाला ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. तुमच्या २९ ला ९४ च्या आसपास यायला हवा होता, आलाय १०७. गॅस कितीही जास्त भरा, बंद गाडीत या आकड्याच्या वर दाब जात नाही. वर गेला म्हणजे आत १३४ए शिवाय आणखी काहीतरी आहे. एक तर हवा, नाहीतर भेसळ.

जास्तीचे तेरा पीएसआय बघा. वातावरणाचा दाब असतो पावणेपंधरा. मागच्या वर्षी पाईप बदलला तेव्हा सगळी सिस्टिम उघडी होती, आत हवा भरलेली. व्हॅक्यूम न मारता तसाच गॅस सोडला असेल तर ती हवा आतच राहते आणि आपला दाब गॅसच्या दाबात मिसळते. तुमचा फरक जवळजवळ तेवढाच येतोय. नळीतल्या हवेने एवढा फरक पडत नाही, नळीत असते ती काही मिलिलिटर. तेव्हा माझा अंदाज असा की दिराच्या कॅनच्या आधीपासून, गेलं वर्षभर, ही हवा गाडीत आहे. सिग्नलला गारवा मंदावतो असं तुम्हाला तेव्हाच जाणवलं होतं, ते हेच.

हे वाचून मला राग येतो, तो यासाठी की व्हॅक्यूम पंप काही लाखाचा नसतो. अर्धा-पाऊण तास पंप चालू ठेवायचा, बाकी काही करायचं नसतं. तेवढा वेळ वाचवायला लोक म्हणतात 'गॅसनेच हवा ढकलून काढली'. अशी निघत नाही. आणि हवेबरोबर ओल आत राहते. कॉम्प्रेसरचं पीएजी तेल ओल ओढून घेतं, मग ॲसिड तयार होतं आणि आतून कॉइल खाल्ली जाते. दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाईक कूलिंग कॉइलचा खर्च करतं, डॅशबोर्ड उतरवून, आणि कुणालाच कळत नाही की हे त्या वाचवलेल्या अर्ध्या तासाचं आहे.

तिसरं, रुई. देवळी-हिंगणघाट पट्ट्यातल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मी गेज लावायच्या आधी जाळी बघतो, म्हणून ओळखलं. हे घरीच साफ करा. गाडी थंड असताना साध्या पाईपने, शक्यतो मागून पुढे, म्हणजे रुई आली तशी बाहेर जाईल. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा मारू नका, जाळीच्या पापण्या दुमडतात आणि मग वारा कायमचाच अडतो. मधल्या फटीत मऊ ब्रश घाला, वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की हात जातो.

एसीच्या दुकानात जाताना असंच दुकान बघा जिथे रिकव्हरी मशीन आणि वजनकाटा आहे. फोनवर विचारा, 'गॅस काढून घेता का, आणि किती निघाला ते वजन सांगता का?' हो म्हणाले तरच जा. भेसळीचं त्यांना आधीच सांगा, कॅनही दाखवा. गॅस तपासायचं यंत्र असेल तर ते आधी लावतील. नसेल तर हा गॅस वेगळ्या टाकीत काढायला सांगा, त्यांच्या चांगल्या गॅसमध्ये मिसळू नये, आणि तुमच्या गाडीत पुन्हा भरू नये.

मग नायट्रोजन भरून लीक बघायचा. एप्रिलमध्ये गारवा कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाच आहे. मागच्या वर्षीच्या पाईपचा जॉइंट पहिला बघा. जिथे गॅस झिरपतो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते, काळा ओलसर डाग दिसतो. पोर्टच्या पिनवर साबणाचं पाणी टाकून बघायला सांगा, बुडबुडा आला तर दहा-वीस रुपयांची पिन बदलायची. ड्रायर बदलून घ्या, वर्षभर ओल पिऊन तो भरलेला असणार. तुमच्या गाडीत बहुतेक कंडेन्सरच्या कडेच्या उभ्या नळीत जाळीची छोटी पिशवी असेल. मग व्हॅक्यूम, २९ इंचांपर्यंत, पाऊण तास. पंप बंद करून वीस-पंचवीस मिनिटं काटा हलतो का बघायचं. नंतर ३८० ग्राम, तोलून. तेल जितकं निघालं तितकंच पीएजी परत. फ्रीजचं मिनरल तेल घालायला निघाले तर थांबवा.

मायलेज_किंग

दादा, पिनवाली गोष्ट मागे घेतो. तेल उडून जातं हे खरंच माहीत नव्हतं. एक विचारतो, माझ्या मेव्हण्याकडे स्ट्राँग हायब्रिड गाडी आहे. तिच्यातही कॅन चालतो का?

ह्युस्टनचा_सोलापूरकर

एसीवाले दादांच्या आधी मीच सांगतो, अजिबात नको. त्या गाड्यांत कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, बॅटरीच्या हाय व्होल्टेजवर चालतो आणि मोटरची वायंडिंग तेलातच असते. तिथे पीओई जातीचं खास तेल लागतं, ते वीज वाहू देत नाही. साधं पीएजी थोडंसं जरी मिसळलं तरी इन्शुलेशन कमी होतं आणि गाडी फॉल्ट दाखवून बंद पडू शकते. बऱ्याच कॅनमध्ये गॅससोबत पीएजी तेल घातलेलं असतं. शिवाय इकडच्या नव्या गाड्यांत गॅसच वेगळा आहे, आर-१२३४वायएफ. तो थोडा ज्वलनशील असतो आणि पोर्टही वेगळे. स्टिकर वाचल्याशिवाय कुठलीच नळी जोडू नये.

अकोल्याचा_एसीवाला

हो, हायब्रिड थेट सर्व्हिस सेंटरलाच. त्यात हाय व्होल्टेजच्या केशरी तारा असतात, आम्हीही ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावत नाही.

वर्धेकरीण

काम झालं, म्हणून लिहायला आले. जाळी घरीच धुतली, निघालेल्या रुईने घमेलं भरलं. नुसत्या धुण्यानेच बराच फरक पडला, पण दुपारी सिग्नलला 'टक्' चालूच होतं. मग वर्ध्यात फोन करून करून शेवटी मशीन आणि काटा असलेलं दुकान सापडलं. दोन ठिकाणी तर 'वजन कशाला, गेजवर भरतो' म्हणाले, तिथे गेलेच नाही.

त्यांच्याकडे गॅस तपासायचं यंत्र नव्हतं, त्यामुळे वेगळ्या टाकीत काढला. ५९० ग्राम निघाला. काटा माझ्यासमोर होता, मालकांनी स्वतः वाचून दाखवला. नंतर नायट्रोजन भरला. मागच्या वर्षीच्या पाईपचा जो जॉइंट ड्रायव्हरच्या बाजूला आहे, त्याच्या खाली तुम्ही म्हणालात तसा काळा ओला डाग होता. साबणाचं पाणी लावल्यावर बारीक बारीक बुडबुडे, अगदी मोहरीएवढे, एका बाजूनेच येत होते. उघडल्यावर आतली रबराची रिंग चपटी झालेली आणि एका ठिकाणी कापलेली. कारागीर म्हणाले, बसवताना तेल न लावता कोरडीच दाबली असणार. नवी हिरवी रिंग तेल लावून बसवली. ड्रायरची पिशवी बदलली. व्हॅक्यूम पाऊण तास, नंतर काटा हलला नाही. ३८० ग्राम भरला. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत.

परवा भर दुपारी नागपूरला गेलो. बाहेर ४४. अजनी चौकात मोठा सिग्नल लागला, तापमापक मधल्या व्हेंटमध्ये होता, ११ च्या वर गेला नाही. दुकानात उभ्या गाडीवर लो ४० आणि हाय २६० दाखवत होतं. हे आकडे ठीक आहेत ना? आणि त्यांनी हिरवा रंग गॅससोबत घातलाय, तो कशासाठी? पैसे लावायला घातला का, असं ह्यांना वाटतंय.

अकोल्याचा_एसीवाला

४४ अंशाच्या उन्हाला ४० आणि २६० उत्तम. ११ अंशही उत्तम, यापेक्षा कमीची अपेक्षा या गाडीकडून विदर्भाच्या मे महिन्यात करू नये.

रंग घातला ते चांगलंच केलं, पैशासाठी नाही. पुन्हा कुठे झिरपला तर निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली तिथे हिरवं चमकतं. दिवाळीच्या सुमारास एकदा दाखवून घ्या. पोर्टच्या दोन्ही टोप्या जागेवर आहेत का ते आजच बघा. कारागीर त्या बाजूला ठेवतात आणि विसरतात. टोपी नसली तर धूळ पिनमध्ये बसते आणि तिथूनच गळती सुरू होते.

जिनिंगचा हंगाम संपला की दरवर्षी जाळी धुवा. गाडी उन्हातून काढताना पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. सासऱ्यांच्या पायाकडचा व्हेंट बंद ठेवून वरचे उघडे ठेवा, मागच्या सीटपर्यंत गारवा लवकर पोचतो.

राहिला तो सीलबंद कॅन. नाव नसलेला आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाऊ देऊ नका. विकणाऱ्याकडे परत जात असेल तर पाठवा. नाही तर त्याच दुकानात नेऊन द्या, तुमच्या गाडीतून काढलेला गॅस ठेवलाय त्याच टाकीत ते हाही काढून घेतील. दिराला म्हणावं, ती नळी आणि गेज मात्र जपून ठेव, पहाटेचा दाब बघायला कामाला येतात.